ओदार्कोरची हुर्यो

न्शोनाच्या थांब्यावर मिनीबसमधून उतरलं की आधी धूर नाकात जायचा, मग समुद्र दिसायचा आणि मग ओदार्कोरचा आवाज ऐकू यायचा. तो आवाज बहुतेक वेळा कुणाचा तरी उद्धार करत असायचा.

ती कोमी विकायची. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या पानांत घट्ट बांधून उकडलेले उंडे, सोबत धुरावर भाजलेला मासा आणि काळा ठेचा. राजधानीत, आक्र्यात, कोमी मिळत नाही असं नाही. पण रविवारी तिथले लोक गाड्या काढून तासभर धूळ खात न्शोनाला यायचे ते तिची कोमी खायला आणि, खरं सांगायचं तर, तिच्याकडून दोन शब्द ऐकून घ्यायला. काळा चष्मा लावलेली एखादी बाई नाकाला रुमाल धरून विचारायची, "या माशात काटे आहेत का हो?"

"नाहीत," ओदार्कोर मान वर न करता सांगायची. "जाळ्यातून काढताना त्याला सांगितलं होतं, आक्र्याहून बाई येणार आहेत, काटे घरी ठेवून ये."

एका साहेबानं एकदा विचारलं, कोमी आजचीच आहे ना. ती म्हणाली, "पीठ परवाचं, विस्तव कालचा, मासा सकाळचा. शिळा आहे तो फक्त तुमचा प्रश्न. किती बांधू?"

लोक हसायचे आणि पुढच्या रविवारी आणखी दोघांना घेऊन यायचे. ओदार्कोरला त्यांची कीव यायची. "शहरात यांच्याशी कुणी धड बोलत नाही वाटतं," ती शेजारच्या क्वार्लेला म्हणायची. "इतक्या लांब येतात, शिव्या खायला."

क्वार्ले मासे धुरवायची. दोघींच्या भट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या आणि दोघींचं चाळीस वर्षं एकमेकींवाचून चाललं नव्हतं. ओदार्कोरला उलट उत्तर देणारी गावात ती एकटीच. "तुझी जीभ सुकवून विकली असती," क्वार्ले म्हणायची, "तर आपण दोघींनी पक्की घरं बांधली असती."

शहरी लोकांची ही तऱ्हा, तर गावकऱ्यांचीही काही धडगत नव्हती. मंगळवारी समुद्रावर जाळं टाकायचं नाही, हा आमच्याकडे देवाचा नियम. "देवानं एक मंगळवार सांगितला," ओदार्कोर म्हणायची, "या गाढवांनी आठवड्यात तीन केले." होड्यांच्या तांडेलांना ती ढेरपोटे म्हणायची, शाळामास्तरांना पगारी झोपाळू, पाद्र्याला घंटा वाजवणारा बोकड. नवरा, सोवा, माशांच्या मागे किनाऱ्या-किनाऱ्यानं आबिजानकडे गेला आणि तिथंच एका बाईच्या घरी राहिला. ही बातमी आणणारा माणूस घाबरत घाबरत बोलला. ती पीठ मळत होती. "किनाऱ्यानंच जाणार," ती म्हणाली. "खोल पाण्यात शिरायची छाती त्याच्या घराण्यात कुणाला होती?" आणि पीठ मळत राहिली. तेव्हा तिचा मुलगा आमार्ते तीन वर्षांचा होता.

साऱ्या जगात ओदार्कोरनं ज्याला कधी नावं ठेवली नाहीत असा हा एकच जीव. संध्याकाळी त्याला पुढ्यात घेऊन ती माशाचे काटे काढून द्यायची आणि दिवसभराची सगळी माणसं एकेक करून निकालात काढायची. हा आळशी, तो लबाड, तिचं डोकं रिकामं, त्याचं पोट भरलेलं. "यांच्यासारखा होऊ नकोस," असं म्हणून ती शेवटचा घास त्याच्या तोंडात घालायची. पोरगं हुशार निघालं. शाळेत पहिलं आलं, आक्र्याला कॉलेजात गेलं, शिकलं आणि तिथंच जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका कचेरीत लागलं. लग्न केलं ते आतल्या जंगलाकडच्या मुलीशी. तिचं नाव सेरवा. "समुद्र पाहिला की हिला चक्कर येते," ओदार्कोर म्हणाली आणि सुनेचा विषय तिच्यापुरता संपला.

आमार्ते वर्षातून एकदा यायचा, होमोवोला. भुकेची हुर्यो उडवायचा हा आमचा सण. कधीकाळी पूर्वजांनी मोठा दुष्काळ सोसला. पुढे पीक आलं तेव्हा त्यांनी भुकेकडे बघून हुर्यो केली, ती आम्ही अजून करतो. सणाच्या आधीचा महिनाभर गावात ढोल वाजत नाही, गाणं नाही, आरडाओरडा नाही. मग बाहेरगावी गेलेली लेकरं गुरुवारी गाड्या भरभरून घरी येतात. त्यांना आम्ही गुरुवारवाले म्हणतो. शनिवारी क्पोक्पोई रांधतात, म्हणजे मक्याच्या पिठाचा सांजा, त्यावर ताडफळांचा लाल रस्सा, आणि घरातली थोर-लहान सगळी एकाच परातीत हात घालून जेवतात. दुपार कलली की बायका गाणी म्हणत गावभर फिरतात. वर्षभरात ज्यानं ज्यानं शेण खाल्लं त्याचं नाव त्या गाण्यांत येतं. त्या दिवशी रागवायचं नाही, गावच्या राजानंही नाही.

ही गाणी रचायची ओदार्कोर. शाळेच्या मक्यात स्वतःच्या शेळ्या चारणाऱ्या हेडमास्तरानं तिच्या गाण्यानंतर बदली मागून घेतली होती. गुरुवारवालेही तिच्या तावडीतून सुटायचे नाहीत. भाड्याच्या गाडीतून येऊन ती स्वतःची म्हणून मिरवणारे, गावात पाऊल ठेवल्यावर मातृभाषा विसरणारे, सगळे तिनं गाण्यातून गावभर वाजवले होते. आमार्ते दाराशी उभा राहून ऐकायचा आणि हसायचा. त्याच्याकडे बघूनच ती वरचा सूर लावायची.

त्या वर्षी ढोल बंद असलेल्या महिन्यात, एका सकाळी, वाळूत खांब दिसले. सिमेंटचे, डोक्याला लाल रंग फासलेले, भट्ट्यांच्या मागून निघून थेट होड्या ओढतात तिथपर्यंत सात खांब. दोन माणसं फीत धरून उभी होती.

"काय पुरताय?" ओदार्कोरनं विचारलं. "तुमचा मोठा साहेब मेला की काय?"

"सुट्टीची घरं होणार आहेत, मावशी. कंपनीनं जागा घेतली."

"कुणाकडून घेतली? माशांकडून?"

त्यातल्या एकानं वैतागून पिशवीतून कागद काढला. ओदार्कोर चार यत्ता शिकली होती. इंग्रजी मजकूर तिला कळला नाही, पण खाली निळा अंगठा होता आणि त्याच्यापुढे आताआ ओब्लिते यांचं नाव होतं. किनारा ज्या कुळाच्या मालकीचा, त्याचे ते कर्ते, नव्वदीचे, डोळ्यांनी जवळजवळ गेलेले. वडीलधाऱ्याला आमच्याकडे आताआ म्हणतात. त्याखाली साक्षीदाराची सही होती. ती सही वाचायला तिला शाळेची गरज नव्हती. आमार्तेनं पहिल्यांदा स्वतःचं नाव काढलं ते कोळशानं, तिच्याच भट्टीच्या भिंतीवर.

तिनं कागद परत दिला आणि येऊन आपल्या स्टुलावर बसली.

"काय गं," क्वार्ले म्हणाली, "जीभ गिळलीस?"

ओदार्कोर उठली आणि आताआ ओब्लिते यांच्या घरी गेली. क्वार्ले मागोमाग. म्हातारा उन्हात बसला होता.

"आताआ, तुम्ही कसल्या कागदावर अंगठा दिलात?"

"दिव्याच्या," म्हातारा खुशीत म्हणाला. "किनाऱ्यावर वीज येतेय. तुझा आमार्ते घेऊन आला होता. गुणाचं पोर. शाई पुसायला त्यानं आपला रुमाल दिला मला."

बाहेर आल्यावर क्वार्ले पुढे चालू लागली. तिनं बोलावं असं ओदार्कोरला फार वाटलं.

तिनं मुलाला फोन लावला. त्यानं नाकारलं काहीच नाही. "आवो, ऐकून घे," तो म्हणाला. आमच्याकडे आईला आवो म्हणतात. "तिथं चांगलं होणार आहे. लाकडी घरं, पाहुणे, रोजगार. मी सांगून ठेवलंय, फाटकाशी तुला एक फरशीचं दुकान मिळेल. कोमी विकशील, पण पंख्याखाली."

"भट्ट्या कुठं जाणार?"

"रस्त्यापलीकडे."

"होड्या?"

"होड्या राहिल्यात किती? तूच सांगतेस, निम्म्यांत कोंबड्या अंडी घालतात."

"त्या म्हाताऱ्याला तू दिव्याचा कागद म्हणालास."

"दिवे येणारच आहेत की."

"खोटं बोललास, आमार्ते."

मग तो सावकाश म्हणाला, "लहानपणापासून तू मला काय सांगितलंस? हे गाव म्हणजे आळशांचा उकिरडा. पुरुष झोपाळू, बायका चहाडखोर, एकाला अक्कल नाही. रोज सांगितलंस, घासागणिक. आज एकाएकी यांचा पुळका कुठून आला तुला?"

ओदार्कोरनं फोन बंद करून पदराच्या गाठीत बांधला.

ते वाक्य पुढं कितीतरी दिवस तिला टोचत राहिलं. पीठ मळताना, पानं धुताना ती मनातल्या मनात त्याला जबाब द्यायची आणि एकही जबाब तिला पुरता पटायचा नाही. होय, ती त्यांना गाढव म्हणायची. पण त्यांच्यात बसून म्हणायची, त्यांचाच धूर गिळत. गाढवांच्या पायाखालची वाळू काढून घ्यावी असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. हे पोराला वेगळं सांगावं लागेल असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

कागदावर साक्ष कुणाची आहे हे गावाला दोन दिवसांत कळलं. कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. फक्त कोमी घेताना बाया तिच्या हातांकडे बघायच्या, डोळ्यांकडे नाही. आजवर तिनं ज्याच्या त्याच्या अब्रूची सालं काढली होती. आता तिच्या पाळीला गाव गप्प बसलं होतं, आणि त्या गप्प बसण्यात एक चव होती हे तिला बरोबर कळत होतं.

सणाला आठ दिवस उरले तेव्हा गाणाऱ्या बायका क्वार्लेच्या अंगणात जमल्या. ढोल नव्हता, तोंडानंच पुटपुटत शब्द बसवायचे होते. एकीनं सुचवलं, थांब्यावरच्या पोलिसावर करू. दुसरी म्हणाली, त्या पाद्र्याच्या नव्या दातांवर करू. खांबांचं नाव कुणी घेईना.

शेवटी क्वार्लेच म्हणाली, "दातांवरच करू. दात निरुपद्रवी आहेत. बाकीचे विषय काही घरांना झोंबतील."

"कुणाच्या घराला गं?" ओदार्कोरनं विचारलं.

"मी नाव घेतलं का?"

"चाळीस वर्षं माझ्याशी भांडलीस आणि आजच दया सुचली?" ओदार्कोर म्हणाली. "थुंकते तुझ्या दयेवर. गाणं मी केलंय. साथ कुठं द्यायची तेवढं नीट ऐका, तुमच्यातल्या निम्म्या तालाला बहिऱ्या आहेत."

तिनं ओळी म्हणून दाखवल्या. शेवटच्या ओळी मात्र तिनं गाळल्या. "त्या माझ्या मी म्हणेन," ती म्हणाली.

त्या आठवड्यात आताआ ओब्लिते काठी टेकत तिच्या दारी आले. "एकुलता एक आहे तुझा," ते म्हणाले. "अंगठा माझा होता. गाण्यात माझं नाव घाल. मला आता काय फरक पडतो?"

"आताआ, तुमच्यावर गाणं रचण्याइतकं तुमच्यात काही उरलेलं नाही," ती म्हणाली आणि त्यांना घरापर्यंत हाताला धरून पोचवून आली.

शनिवारी आमार्ते गाडीतून उतरला. बरोबर सेरवा आणि कंपनीचा एक गोरटेला, घामेजलेला माणूस. त्याला सण दाखवायला आणलं होतं. ओदार्कोरनं कुणाला काही म्हटलं नाही. परात पुढ्यात ठेवली, वर लाल रस्सा ओतला, मासा ठेवला. सगळ्यांनी एकाच परातीत हात घातले. आमार्तेच्या बाजूला माशाचा चांगला तुकडा आईनं सरकवलेला होता, तो त्यानं खाल्ला. कंपनीचा माणूस म्हणाला की असं चविष्ट त्यानं कुठं खाल्लं नाही.

"पोट भरलं ना?" ओदार्कोर उठून कमरेला कापड आवळत म्हणाली. "मग या बाहेर. ऐकायला."

गल्ली माणसांनी फुलली होती. गुरुवारवाल्यांनी मोबाइल वर धरले होते. बायका नाचत पुढे आल्या, क्वार्लेच्या हातात भोपळ्याचा खुळखुळा. आधी पोलिस झाला, पाद्र्याचे दात झाले, माणसं पोट धरून हसली. मग ओदार्कोरनं हात वर केला.

"डोळ्यांनी अधू म्हाताऱ्यापुढं कागद धरला कुणी?"

"कुणी गं, कुणी?" बायका म्हणाल्या.

"दिवा येतो म्हणून अंगठा शाईत बुडवला कुणी?"

"कुणी गं, कुणी?"

"वाळूत खांब रोवून बायांच्या चुली उठवल्या कुणी?"

"कुणी गं, कुणी?"

बायकांना वाटलं, आता ती वळेल. इथंच सोडलं असतं तरी कुणी तिला बोल लावला नसता. जाणणारे जाणत होते. पण ती नाचत नाचत स्वतःच्या दारापर्यंत गेली आणि मुलापुढे उभी राहिली.

"परका नाही, दूरचा नाही, चोर बाहेरून आला नाही,
माझ्या चुलीवर शेकला, माझ्या हातचं जेवला.
नाव त्याचं आमार्ते, ओदार्कोरच्या पोटचा.
हुर्यो करा गं बायांनो, हुर्यो."

कुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. क्वार्लेचा खुळखुळासुद्धा थांबला. तेव्हा ओदार्कोरनं स्वतःच तोंडावर पंजा आपटत आपल्या मुलाची हुर्यो केली. एकटीनं, लांबलचक. मग क्वार्ले मिळाली, मग बाकीच्या, आणि मग सगळी गल्ली.

आमार्ते हसायचा प्रयत्न करत होता. हसायचंच असतं. त्याचे ओठ फाकले होते आणि डोळे आईवरून हलत नव्हते. कंपनीच्या माणसानं विचारलं, "काय म्हणतायत? कुणाबद्दल आहे?" त्याला उत्तर दिलं सेरवानं. समुद्र पाहून चक्कर येणाऱ्या त्या सुनेनं गाण्याचा शब्दन्‌शब्द त्याला इंग्रजीत सांगितला, शांतपणे, काहीही न गाळता.

ऊन उतरायच्या आत त्यांची गाडी गेली.

दुसरा दिवस सलोख्याचा. धाकट्यानं थोरल्याच्या दारी जायचं, हात हातात घ्यायचा, वर्षभराचं सगळं सोडून द्यायचं आणि एकमेकांना आयुष्य चिंतायचं. ओदार्कोर सकाळपासून स्वच्छ कापड नेसून दारात बसली. माणसं आली. जन्मात तिच्या दाराशी न फिरकलेलीही आली. बदली मागितलेला हेडमास्तर सणाला गावी आला होता, तोही आला. तिनं सगळ्यांचे हात हातात घेतले. ऊन पायांवर आलं, पायांवरून गेलं. आमार्ते आला नाही.

क्वार्ले शेवटी आली आणि नुसतीच शेजारी बसून राहिली.

"बोल की काहीतरी घाण," ओदार्कोर म्हणाली.

"सुचत नाही."

"मग उठ. मुक्या माणसांसाठी स्टूल नाहीत माझ्याकडे."

पुढं गोष्टी भराभर झाल्या. आताआ ओब्लिते यांनी कुळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की कागद त्यांना खोटा वाचून दाखवला होता. गाणं मोबाइलवरून राजधानीत पोचलंच होतं. कंपनीला सुट्टीच्या जागेपाशी हुर्यो नको होती. तिनं आपली लाकडी घरं पूर्वेकडे दुसऱ्या एका गावात नेली. खांब काही कुणी काढले नाहीत. तांडेल आता त्यांना होड्या बांधतात.

आमार्तेची नोकरी गेली. ही बातमी मिनीबसच्या ड्रायव्हरनं आणली. त्याच्या गल्लीतली पोरं ते गाणं म्हणतात, हेही त्यानं भीत भीत सांगितलं. "बरं झालं," ओदार्कोर म्हणाली. त्या दिवशी तिच्या कोमीचं पातेलं तळाला लागलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं गिऱ्हाइकं परत पाठवली.

दोन होमोवो गेले. तो आला नाही. ओदार्कोर गाणी रचायची, पण पुढं होऊन म्हणायची नाही. "घसा बसलाय," म्हणायची. आणि शिव्या देताना वाक्य अर्ध्यावर सोडायची. रविवारची गिऱ्हाइकं हळहळली. म्हातारी मऊ झाली, म्हणाली. त्यावर मात्र ती भडकली आणि आठवडाभर पूर्वीसारखी बोलली.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्याआधी सेरवाचा फोन आला. "आवो, तो आजारी नाही, काही नाही," सून म्हणाली. "फरश्या विकायच्या दुकानात काम करतो. तुमचं नाव काढत नाही, आणि मी काढलं तर उठून जातो. तुम्ही याल तर मी थांब्यावर येईन."

"मी कशाला येऊ? थोर मी आहे."

"हो, आहात. म्हणूनच तुम्हाला विचारलं. त्याला विचारून झालंय."

ओदार्कोरला आक्र्याचा मनस्वी तिटकारा. आयुष्यात तीनदा गेली होती आणि तिन्ही वेळा चप्पल तोडून आली होती. तरी गेली. सेरवा थांब्यावर उभी होती. तिनं सासूच्या हातातली टोपली घेऊन सरळ स्वतःच्या डोक्यावर ठेवली. ओदार्कोर तिच्या मागून चालत राहिली आणि मान सरळ ठेवून कसं चालायचं हे जंगलाकडच्या पोरींना कुणी शिकवलं, असा विचार करत राहिली.

आमार्ते नुसत्या बनियनवर ओट्यावर बसून पंखा दुरुस्त करत होता. आईला पाहून उठला. खुर्ची दिली. आत जाऊन पाणी आणलं, दोन्ही हातांनी दिलं आणि ती प्याल्यावर रीतीप्रमाणं विचारलं, जसं परक्या पाहुण्याला विचारतात तसं, "कोणत्या कामानं येणं केलंत?"

"काम नाही. तू आला नाहीस, म्हणून मी आले."

"मी कशाला येऊ? हुर्यो ऐकायला?"

"ती झाली एकदा. दरवर्षी गाणं रचावं एवढा मोठा तू कोण लागून गेलास?"

त्यानं पंख्याचं पातं उचललं आणि पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "वाईट वाटलं का तुला? गायल्याचं?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"गायल्याचं नाही."

आमार्तेनं पातं खाली ठेवलं. "शाळेत मला काय म्हणायचे ठाऊक आहे? धुरकट. माझ्याजवळ कुणी बाकावर बसायचं नाही. कॉलेजला गेलो तेव्हा पेटी तीन दिवस उन्हात उघडी ठेवली, तरी वास गेला नाही. कंपनीचा माणूस नकाशा घेऊन आला तेव्हा जागा मी निवडली, आवो. होड्यांच्या पलीकडे कितीतरी वाळू रिकामी होती. मी मुद्दाम भट्ट्यांवर बोट ठेवलं."

एवढी वर्षं ओदार्कोरला वाटत होतं, पोराला तिनं सगळ्या गावापासून वेगळं, वर धरून ठेवलंय. त्यानं वरून खाली पाहिलं होतं आणि खाली त्याला तीही दिसली होती.

"म्हणजे त्या गाढवांत मीही होते," ती म्हणाली.

तो नाही म्हणाला नाही.

"हे तोंडावर बोलायचं होतंस," ती म्हणाली. "मी तुला चार शिव्या दिल्या असत्या. चार तू दिल्या असत्यास. जेवून झोपलो असतो. त्या आंधळ्याचा अंगठा कशाला मध्ये घेतलास?"

"त्याची मला लाज वाटते," आमार्ते म्हणाला. "तेवढ्याची."

"तेवढ्याची वाटतेय ना? असू दे."

सेरवानं ताटं आणली. कोमी तिनं स्वतः केली होती. ओदार्कोरनं पान सोडलं, एक तुकडा मोडला, ठेच्याला लावून तोंडात घातला आणि चेहरा वाकडा केला. "पिठाला अजून एक दिवस हवा होता."

"आवो, नावं ठेवून खा," सेरवा म्हणाली, "पण खा."

ती सबंध उंडा खाऊन उठली. निघताना आमार्ते थांब्यापर्यंत आला. मिनीबस भरेपर्यंत दोघं उभे होते. "ते गाणं," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "शेकला आणि जेवला जुळत नाही. तिथं लंगडतं."

"तुझ्या बापानं तरी काय जुळवलं होतं?" ओदार्कोर म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.

त्या ऑगस्टमध्ये तो आला. शनिवारी परातीत हात घालून जेवला. आधी गावातल्या बायकांनी त्याच्याकडे चोरून पाहिलं, मग सरळ पाहिलं, मग सोडून दिलं. रविवारी सकाळी तो प्रथम आताआ ओब्लिते यांच्या दारी गेला. म्हाताऱ्याच्या पायांशी बराच वेळ बसला होता. काय बोलला ते कुणाला कळलं नाही. तिथून आईकडे आला, हात हातात घेतला, आयुष्य चिंतलं आणि दुपारच्या आत परतला.

"मिटलं का तुमचं?" क्वार्लेनं भट्टीपलीकडून विचारलं.

"कसलं मिटतंय," ओदार्कोर म्हणाली. "तो मला अजून कमीच समजतो, आणि मी त्याला. पण आता समोर बसून समजतो. आणि तू विस्तवाकडे बघ, मासा करपतोय. चाळीस वर्षांत तेवढंही जमलं नाही तुला."